एकटीची हजेरी

माझी शाळा चौथीत सुटली. मी सोडली नाही, आई गेली आणि घरच्या भाकऱ्यांनी सोडवली. तरीसुद्धा कॉलेजातल्या गणिताच्या वर्गाबाहेर मी चार महिने रोज सकाळी बसलेली आहे. पायरीवर, चपला शेजारी काढून. हसू नका, थट्टा करत नाही मी.

मी सुंदरा. कमळा माझी धाकटी बहीण, सहा वर्षांनी लहान. आम्ही डिलाईल रोडला बी.डी.डी. चाळीत राहायचो. आबा गिरणीत कताई खात्यात होते. मला नवऱ्यानं दुसऱ्याच वर्षी टाकली आणि परत बापाच्या दारात आणून उभी केली, तेव्हा घरात आम्ही तिघंच. कमळा भोईवाड्याच्या शाळेत अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात. आणि गणितात अशी, की शाळेतल्या सरोजिनीबाईंनी एके दिवशी स्वतःच कबूल केलं, ‘हिला द्यायला माझ्याजवळ आता काही उरलं नाही.’

मोठी जिद्दीची बाई ती. दादरच्या एका कॉलेजात सकाळचे वर्ग भरायचे, नोकरी करणाऱ्यांसाठी. कॉलेजचं नाव मी सांगत नाही, उगाच कशाला. सरोजिनीबाई थेट तिथल्या प्रिन्सिपॉलसमोर जाऊन बसल्या आणि कागदावर लिहून घेऊनच उठल्या. कमळानं शाळेत असतानाच सकाळी तिथं पहिल्या वर्षाचं गणित शिकायचं. दिवाळीनंतरच्या टर्ममध्ये कमीत कमी पंचेचाळीस तास वर्गात हजर राहायचं, मग कॉलेजच्या मुलांबरोबर परीक्षेला बसायचं. पास झाली, की मॅट्रिकनंतर कॉलेजात गेल्यावर तेवढं गणित झालेलं धरणार, आणि फी माफ.

आबांनी तो कागद चाळीतल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, ‘कॉलेजानं लिहून दिलं की हिचं गणित झालं, तर मी पुढं शिकवीन. नाही दिलं, तर मे महिन्यात लग्न.’ शीव कोळीवाड्याचं स्थळ त्यांनी बघून ठेवलंच होतं. आबा शब्दाचे पक्के. दोन्ही बाजूंनी पक्के, तीच तर पंचाईत.

तरणी पोर अंधारात दादरपर्यंत एकटी कशी जाणार? मग सुंदरा आहेच रिकामी! साडेपाचला उठायचं, चहा करायचा, आणि पाऊण तास चालत जायचं. सातला तास सुरू व्हायचा. कमळा आत, मी पायरीवर. आठला तिथून निघायचं, घरी येऊन दोन घास खायचे, की ती शाळेत.

वर्गात बहात्तर मुलं होती. बहुतेक मोठी, मिशा फुटलेली, कुणी बँकेत चिकटलेला, कुणी पोस्टात. त्यांत मुली तीन. पहिल्या दिवशी त्यांनी कमळाला बाकावर सरकून जागा दिली, राहतेस कुठं विचारलं. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या तिघी पुढच्या बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या, आणि मागचा बाक सबंध कमळाला मोकळा. कुणी वाईट बोललं नाही हो. कुणी काहीच बोललं नाही. मला दारातून दिसायचं सगळं, आणि मस्तकात तिडीक जायची. पण कमळा म्हणायची, ‘बरंय अक्का, वह्या पसरायला जागा होते.’

शाळेत तरी सुख होतं म्हणता? तिथं मैत्रिणी म्हणायच्या, ‘आल्या कॉलेजवाल्या!’ डबा खायला बसल्या की ही आली म्हणून इंग्रजीत काहीतरी फाडफाड बोलून दाखवायच्या आणि खिदळायच्या. म्हणजे कॉलेजात शाळकरी, शाळेत कॉलेजवाली. दिवसभरात तिच्याशी नीट बोलणारी मी एकटी, आणि मला तिच्या वहीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

शिकवायला विजयकर सर होते. गिरगावातले, काळा कोट, डोक्याला टोपी, घड्याळाच्या काट्याला बांधलेले. आधी हजेरी, मग फळा. नावं नाही, नंबर पुकारायचे. कमळाचं नाव यादीत मागाहून शाईनं घातलेलं, म्हणून तिचा नंबर शेवटचा, त्र्याहत्तर. बाकीच्या मुलांनाही हजेरीची अट होती. जेवढे तास झाले त्याच्या बारा आणे, म्हणजे पाऊण हिस्सा तरी भरायला हवेत, नाही तर टर्म मंजूर नाही, परीक्षा नाही, वर्ष फुकट. आणि एक नियम असा, की वर्गात कुणीच नसलं तर तो तास झालाच नाही असं धरायचं. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला, आमच्या रस्त्याला संचारबंदी लागली, पलीकडच्या चाळीतला एक जण गेला. तेव्हा कॉलेज बंदच होतं. त्या दिवसांचा खाडा कुणालाच पडला नाही.

कमळाला पडला तो कांजिण्यांचा. डिसेंबरात सगळं अंग फुललं, पंधरा दिवस अंथरुणात. जानेवारीत कॉलेज पुन्हा उघडलं, तेव्हा तिनं उरलेल्या तासांचा बोटांवर हिशेब केला. म्हणाली, ‘अक्का, आता एकही तास बुडवायचा नाही. एक जरी गेला तर पंचेचाळीस होत नाहीत.’ मी म्हटलं, बुडवू देते कोण!

फेब्रुवारीत त्या वर्गातल्या एका मुलाला संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडलं आणि शिक्षा झाली. शनिवारी संध्याकाळी मुलं कॉलेजात जमली. मनमोहन तळपदे म्हणून त्यांचा पुढारी होता, गोरा, उंच, भाषण ठोकणारा. ठरलं, की निषेध म्हणून सोमवारी कुणीही वर्गात जायचं नाही. तुरुंगातला सोडून बाकी एकाहत्तरच्या एकाहत्तर जणांना निरोप पोचला. त्र्याहत्तराव्या नंबराला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती कुठं त्यांच्यात होती?

सोमवारी आम्ही पोचलो तर जिन्यावर शुकशुकाट. वर्गात पंखासुद्धा बंद. कमळा दाराशी थबकली.

‘अक्का, कुणीच नाही गं. परत जाऊ या का?’

आणि मी बया काय म्हणाले? ‘कुणी येवो न येवो, आपण आपली हजेरी लावायची. आत जा!’

माझीच अक्कल ती, दुसऱ्या कुणाची नाही. आमच्या घरात लहानपणापासून एकच ऐकलेलं. भोंगा झाला, पाय आत पडला, मस्टरवर नाव चढलं, की दिवस भरला. बाकी काही का होईना. संप म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही, गिरणीच्या संपात आम्ही चणे खाऊन दिवस काढलेत. पण गिरणीच्या दारावर माणसं उभी असतात, लाल बावटा असतो, ओरडा असतो. इथं सगळं गुपचूप. पुस्तकवाल्या पोरांचाही संप असतो, आणि तो असा घरी बसून करतात, हे मला कुठून ठाऊक असणार?

सर आले. रिकाम्या वर्गाकडे बघितलं, मग कमळाकडे. हजेरीपुस्तक उघडलं आणि एकपासून पुकारायला सुरुवात केली. प्रत्येक नंबर म्हणायचे, थांबायचे, वर बघायचे, मग फुली मारायचे. बहात्तर वेळा. मी बाहेर बसून ऐकत होते, आणि मला वाटलं, आता हे थांबलं नाही तर मी ओरडेन. शेवटी म्हणाले, ‘त्र्याहत्तर.’

‘प्रेझेंट सर,’ कमळा म्हणाली. आवाज केवढासा!

सरांनी पुस्तक मिटलं आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. ‘तुम्ही रोज बाहेर बसता ना? आज आत या. जागा भरपूर आहे.’

मी गेले. कमळाशेजारी बाकावर बसले. त्या दिवशी सरांनी पुस्तकातलं शिकवलं नाही. म्हणाले, एक भाकरी घ्या. आधी अर्धी खा. मग उरलेल्यातली अर्धी. मग उरलेल्यातली अर्धी. असं कितीही वेळा केलं तरी थोडं उरतंच. पण खाल्लेल्याची सगळी बेरीज जिथं जाऊन टेकणार, ती एकच भाकरी. कमळानं विचारलं, मग ती पुरी कधी होते? सर खुश झाले. हिनं विचारावं, त्यांनी सांगावं, हिनं फळ्यावर जाऊन मांडावं, त्यांनी ‘शाबास’ म्हणावं. चार महिन्यांत तिच्या तोंडून वर्गात दहा शब्द निघाले नव्हते, त्या तासात ती नुसती बोलत होती. आणि मलाही कळलं हो! जन्मात गणितातलं तेवढं एक मला कळलं. परत येताना ती डांबरी रस्त्यावरून उड्या मारत चालली होती. तिला इतकं सुखात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

मी तर घरी जाऊन आबांना ऐटीत सांगितलं, ‘सगळ्या वर्गात आपली एकटी हजर! बाकी बहात्तर गैरहजर!’

आबांनी घास खाली ठेवला. ‘का गैरहजर?’

मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘फितूर’. मनमोहन दारात उभा. कमळाला म्हणाला, ‘आमचा मुलगा तुरुंगात, आणि तू आत बसून गणितं सोडवतेस? तुझ्या एका हजेरीनं तो तास झाला असं धरलंय. आम्हा सगळ्यांना खाडा पडलाय, समजलं?’

‘मला कुणी सांगितलं नव्हतं,’ कमळा म्हणाली.

‘सगळ्यांना माहीत होतं,’ तो म्हणाला. ते खरंच होतं म्हणा. सगळ्यांना माहीत होतं.

मी चवताळून पुढे झाले, पण कमळानं माझा हात धरला. सर आले, त्यांनी स्वतःच्या हातानं फळा पुसला आणि हजेरी घेतली. त्या आठवड्यात तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. बाकावर चुना फासून ठेवायचे, ती रुमालानं पुसून बसायची. घरी आबांचं तोंड बंद. एवढंच बोलले होते, ‘आपल्या घरात आजवर संप कुणी फोडला नव्हता.’ पोर रात्रंदिवस ते एकच वाक्य चघळत राहिली.

शनिवारी टर्म संपली. कमळाचे पंचेचाळीस तास भरले, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि सरांनी ज्यांची टर्म मंजूर नाही त्यांचे नंबर वाचले. नऊ होते. सगळे एकेका खाड्यानं गेलेले. मनमोहन तावातावानं भांडला, ‘सर, तो तास झालाच नाही!’

‘झाला,’ सर म्हणाले. ‘मी शिकवला. एक विद्यार्थिनी होती.’

त्या नवांत कोंडीराम होता. लालबागचा, पंचविशीतला, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा. दुपारची पाळी करायचा आणि सकाळी डोळे ताणून वर्गात बसायचा. तो जिन्यावर आमच्याजवळ थांबला. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. तो नुसता म्हणाला, ‘पुढच्या वर्षी जमायचं नाही मला. पाळी बदलणार आहे. संपलं.’ आणि खाली उतरून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कमळा भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, ‘चल गं, आपले तास भरलेत, आपल्याला काय!’ तिनं माझ्याकडे असं बघितलं, की माझी मलाच लाज वाटली. मग ती वळली आणि सरांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग.

‘सर, सोमवारी मी नव्हते.’

सरांनी चष्मा काढला. ‘काय म्हणालीस?’

‘मी वर्गात नव्हते, सर. तुमची चूक झाली असेल लिहिताना.’

‘कमळा, माझ्या हजेरीपुस्तकात बावीस वर्षांत खाडाखोड नाही.’

‘ठाऊक आहे सर.’

‘तो तास खोडला तर तुझे चव्वेचाळीस होतात. तुझ्या कागदावर पंचेचाळीस लिहिलंय. मी वरती जाऊन एका तासाची सूट मागू शकत नाही. मागितली तर तो तास का खोडला, हे सांगावं लागेल, आणि मग त्या नवांची टर्म पुन्हा जाईल.’

‘तेही ठाऊक आहे.’

मी मध्ये पडणार होते. तिला ओढत बाहेर न्यावं, एक मुस्कटात द्यावी, असं वाटलं. कोण कुठली ती पोरं, फितूर म्हणणारी! पण तिनं मागे न बघताच सांगितलं, ‘अक्का, तू काही बोललीस, कुणाला कधी सांगितलंस, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.’ तिच्याशी बोलणारी मी एकटी, आणि माझ्याशी बोलणारी ती एकटी. मी गप्प बसले.

सरांनी हजेरीपुस्तक उघडलं. मग तांबडी शाई घेतली, सोमवारच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली, शेजारी ‘तास झाला नाही’ लिहून सही केली. म्हणाले, ‘त्या दिवशी शिकवलेलं तरी लक्षात ठेव.’

मंगळवारी कॉलेजात नवी यादी लागली. नऊच्या नऊ सुटले. मुलांना वाटलं, मनमोहन प्रिन्सिपॉलसमोर भांडला म्हणून झालं. त्याला खांद्यावर घेतला, जयजयकार केला. सरोजिनीबाई मात्र कमळावर संतापल्या. ‘मी शब्द टाकला होता, एका तासासाठी घालवलास?’ कमळानं मान खाली घातली. कारण सांगितलं नाही.

आबांना मात्र मी सांगितलं. शपथ मोडली, पण घरातल्या घरात मोडली. आबा ऐकून उठले, कमळाच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, ‘माझी पोर शोभलीस.’ त्यांचे डोळे भरले होते. आणि पुढच्याच रविवारी शीव कोळीवाड्याचे पाहुणे बोलावले. शब्द तो शब्द! मी भांडले, आदळआपट केली, दोन दिवस जेवले नाही. म्हणाले, ‘कॉलेजानं लिहून दिलं नाही ना? मग झालं.’ आबांना मी पुष्कळ गोष्टी माफ केल्या, ही केली नाही.

कमळा मॅट्रिक झाली, गणितात शाळेत पहिली. मे महिन्यात लग्न झालं. नवरा वाईट नव्हता, म्युनिसिपालटीत होता, पण घरी बोलायचा तो भाजी आणि पाऊसपाणी. त्याच वर्षी दसऱ्यानंतर आम्ही सगळे बौद्ध झालो, आणि चाळीतल्या मुली भराभर शिकू लागल्या. कमळा त्यांची गणितं सोडवून द्यायची, दारात बसून. पोरी शिकून पुढं गेल्या, मास्तरणी झाल्या, नर्सा झाल्या. ही तिथंच.

एकदा, पुष्कळ वर्षांनी, लालबागच्या बाजारात कोंडीराम भेटला. पदवी घेतलेला, कचेरीत हेडक्लार्क, पायात बूट. मला ओळखलं. म्हणाला, ‘तुमची ती बहीण, संप फोडून आत गेली होती ती, बरी आहे ना?’ मी जीभ चावली, बरी आहे म्हटलं, आणि भाजी न घेताच घरी आले. घरी येऊन भांडी आपटली. कमळा होती तोवर तोंड उघडलं नाही. गेल्या वर्षी ती गेली, म्हणून आज सांगते.

पण मला तो बाजार तितका डाचत नाही, जितका परीक्षेचा दिवस डाचतो. मार्चात कॉलेजची गणिताची परीक्षा होती. त्या दिवशी कमळा साडेपाचला उठली, वेणी घातली, आणि मला म्हणाली, ‘चल.’ मी कुठं म्हणून विचारलं नाही. आम्ही दादरला गेलो आणि कॉलेजसमोरच्या फूटपाथवर तीन तास उभ्या राहिलो. मुलं हसत, ओरडत बाहेर आली. एकानं प्रश्नपत्रिकेचा बोळा करून फेकला. मी जाऊन उचलला, पदरानं पुसला, तिला दिला.

घरी आली, शेजारच्यांच्या घड्याळात वेळ बघितली, दार लोटून घेतलं, आणि बरोबर तीन तासांत पेपर सोडवला. मधे पाणी प्यायलाही उठली नाही. मग ते कागद नीट जुळवले आणि इकडेतिकडे बघितलं. सरोजिनीबाई बोलत नव्हत्या. सरांपुढे जायची तिची हिंमत नव्हती. मी चुलीपुढे होते. तिनं कागद माझ्यापुढे धरले.

‘अक्का, तपास ना.’

मी हात पुसले आणि कागद घेतले. एकेक पान उलटलं, रेघांवर बोट फिरवलं, जसं काही सगळं समजतंय. शेवटचं पान झाल्यावर म्हटलं, ‘सगळी बरोबर आहेत गं बाय. एकही चूक नाही.’

कमळानं कागद परत घेतले.

‘तिसरं चुकलंय अक्का,’ ती म्हणाली.